भाड्याची जोडनौका : भूमध्य समुद्रातील एका व्यवसायाचा इतिहास

एप्रिल ते ऑक्टोबर या काळात ग्रीसमधील लेफ्कादा आणि अथेन्सजवळील आलिमोस, क्रोएशियातील झादर आणि स्प्लिट, तसेच स्पेनच्या मायोर्का बेटावरील पाल्मा या बंदरांतून दर शनिवारी भाड्याने दिलेल्या शिडाच्या नौका आठवडाभराच्या सहलीसाठी बाहेर पडतात. त्यांत कॅटामरान, म्हणजे दोन अरुंद होड्या समांतर ठेवून वर एकच रुंद तक्तपोशी बसवलेली जोडनौका, आज ठळकपणे दिसते. हे दृश्य भूमध्य समुद्राच्या जुन्या दर्यावर्दी परंपरेतूनच आले असावे असा सहज समज होतो, परंतु तो अर्धाच खरा आहे. जहाज भाड्याने घेण्याचा व्यवहार या समुद्रात निदान 800 वर्षे रुजलेला असला, तरी सहलीची जोडनौका येथे अवघ्या काही दशकांपूर्वी आली. त्यातही, आज तिचे जे रूप दिसते ते वाऱ्या-लाटांनी जितके घडवले त्याहून अधिक आठवडाभरासाठी भाडे मोजणाऱ्या प्रवाशाच्या गरजांनी घडवले आहे.

कॅटामरान हे नाव तमिळ आहे आणि त्याचा मूळ अर्थ बांधलेली लाकडे असा होतो. कोरोमंडल किनाऱ्यावरील कोळी हलक्या लाकडाचे ओंडके दोरखंडाने एकत्र बांधून जो तराफा समुद्रात लोटत, तो हा. इंग्रज दर्यावर्दी विल्यम डॅम्पियर याने 1697 साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात या तराफ्यांची नोंद केली आणि पुढे हा शब्द युरोपीय भाषांत रुळला. मद्रासला त्या काळी सुरक्षित बंदर नव्हते, मोठी जहाजे किनाऱ्यापासून दूर नांगरून पडत आणि मधल्या फुटणाऱ्या लाटांतून साध्या होडीचा निभाव लागत नसे. अशा वेळी तराफ्यावरचा कोळी डोक्यावरच्या घट्ट विणीच्या टोपीत पत्रे कोरडी ठेवून जहाजापर्यंत पोहोचवी, आणि लाटेने फेकला गेला तरी पोहत येऊन पुन्हा ओंडक्यांवर चढे. या तराफ्याला दोन वेगळ्या होड्या नव्हत्या. पुढे युरोपीय आणि अमेरिकी लोकांनी हेच नाव दुसऱ्याच रचनेच्या नौकेला दिले. गेटवे ते मांडवा या फेरीमुळे मराठी वाचकाच्या परिचयाची झालेली कॅटामरानही त्या दुसऱ्या रचनेतलीच आहे.

ती रचना प्रशांत महासागरातील पॉलिनेशियन बेटांवरची. तेथील लोकांनी दोन लांब होड्या आडव्या तुळयांनी जोडून, मधल्या फळ्यांवर माणसे, जनावरे, रोपे आणि पाणी लादून हजारो किलोमीटरचे प्रवास केले, आणि त्यांच्या वसाहती हवाईपासून न्यूझीलंडपर्यंत पसरल्या. याच कल्पनेचे लहान रूप म्हणजे एका होडीच्या बाजूला थोड्या अंतरावर तरंगते लाकूड जोडून तिला उलटण्यापासून वाचवणे. कोकणातील मच्छीमार आपल्या होडीला जी उलांडी लावतात ती याच जातीची युक्ती आहे. दोन्हींमागचा विचार एकच : नौकेला स्थिर ठेवण्यासाठी तळाशी वजन भरण्याऐवजी तिचा पाण्यावरील पसारा वाढवायचा. युरोपीय शिडाच्या नौकेने पहिला मार्ग निवडला, तिच्या तळाशी दगडांचे आणि पुढे शिशाचे किंवा लोखंडाचे वजन आले. जोडनौकेला असे वजन लागत नाही, म्हणून ती हलकी असते आणि उथळ पाण्यात जाऊ शकते.

भूमध्य समुद्राला दोन नौका जोडण्याची कल्पना अगदीच अपरिचित होती असे मात्र नाही. इ.स.पू. 213 मध्ये रोमन सेनापती मार्सेलस याने सिसिली बेटावरील सिराक्यूज शहराला वेढा घातला, तेव्हा त्याने आठ मोठ्या वल्हेयुक्त युद्धनौकांच्या चार जोड्या बांधल्या. प्रत्येक जोडीत आतल्या बाजूची वल्ही काढून टाकली होती आणि वर तटावर चढण्यासाठी प्रचंड शिडी बसवली होती. आर्किमिडीजच्या यंत्रांनी त्यांचा कसा समाचार घेतला याचे वर्णन इतिहासकार पॉलिबियसने केले आहे. परंतु ही जोडणी वेढ्यापुरती होती, आणि पुढील दोन हजार वर्षांत व्यापार किंवा प्रवास यांसाठी या समुद्रात जोडनौकेची परंपरा उभी राहिली नाही.

युरोपात या दिशेने पहिले गंभीर प्रयत्न भूमध्य समुद्रापासून दूर झाले. अर्थशास्त्राच्या इतिहासात ज्याचे नाव आदराने घेतले जाते त्या विल्यम पेटी याने 1662 नंतरच्या दोन-तीन वर्षांत आयर्लंडमध्ये आणि इंग्लंडमध्ये दुहेरी तळाच्या नौका बांधून घेतल्या. त्यांपैकी एकीने शर्यत जिंकली, पण सर्वांत मोठी नौका वादळात बुडाली आणि ही कल्पना मागे पडली. 1876 साली अमेरिकेतील नौकारचनाकार नॅथॅनियल हेरेशॉफ याने अमॅरिलिस ही आपली जोडनौका न्यूयॉर्कजवळच्या शर्यतीत उतरवून भल्याभल्या नौकांना मागे टाकले, तेव्हा तक्रारी झाल्या आणि तिला बाद ठरवण्यात आले. नियमांनी दार लावल्यावर धनिकांच्या क्लबांना या नौकेत रस उरला नाही. एक तांत्रिक अडचणही होती. दोन होड्या लाटांवर वेगवेगळ्या हलतात आणि त्यांचा सगळा पीळ जोडणाऱ्या तुळयांवर येतो, तो सोसण्याइतकी हलकी पण मजबूत सामग्री दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जलरोधक सरस आणि प्लायवूड मिळू लागल्यावरच नौकाबांधणी करणाऱ्यांच्या हाती आली.

त्याआधीच एका फ्रेंच माणसाने जोडनौका थेट भूमध्य समुद्रात आणून दाखवली होती. एरिक द बिशोप याने जोसेफ तातिबुएत या साथीदारासह हवाईत कायमिलोआ नावाची जोडनौका बांधली आणि 1937 साली होनोलुलूहून निघून, हिंदी महासागर ओलांडून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून ती 1938 मध्ये फ्रान्सच्या कान बंदरात आणली. पॉलिनेशियन रचना महासागराला पुरून उरते याचा हा पुरावा होता, परंतु युरोपावर युद्धाची छाया पडलेली असल्याने त्याचा परिणाम होण्यास वेळ लागला. युद्धानंतर हवाईत वुडी ब्राऊन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1947 मध्ये मनु काई ही वेगवान जोडनौका बांधली. इंग्लंडमध्ये कॅनव्ही बेटावरील प्राउट बंधूंनी लहान जोडनौका कारखान्यात बनवून विकण्यास सुरुवात केली, तर जेम्स व्हॅरम याने 1955 मध्ये स्वतः बांधलेल्या सुमारे सात मीटरच्या तांगारोआमधून दोन सहप्रवासी स्त्रियांसह अटलांटिक ओलांडण्याचा प्रवास सुरू केला. यांपैकी कोणीही बेटांवरील सुट्टीचा विचार करत नव्हते. त्यांना वेग, स्वस्ताई आणि प्राचीन विद्येची सत्यता सिद्ध करायची होती.

आता दुसरा धागा, म्हणजे भाड्याचा. मध्ययुगीन भूमध्य समुद्रात जहाज भाड्याने देणे हा जिनोआ, व्हेनिस, मार्से आणि बार्सिलोना यांचा एक मोठा धंदा होता. करार एकाच कागदावर दोनदा लिहून तो मधोमध कापायचा आणि जहाजमालक व भाडेकरू यांनी एकेक तुकडा ठेवायचा, अशी रीत होती. वाद झाला तर दोन्ही तुकड्यांच्या कडा जुळतात की नाही हे पाहिले जाई. या कराराची व्याप्ती केवढी असे हे 1201 सालच्या व्हेनिसच्या तहावरून कळते. चौथ्या धर्मयुद्धासाठी 4,500 सरदार, तितकेच घोडे, 9,000 सेवक आणि 20,000 पायदळ नेण्याचे व्हेनिसने मान्य केले आणि त्याचे भाडे 85,000 मार्क चांदी ठरले. ठरल्यापेक्षा फारच थोडी माणसे जमली, रक्कम पुरी होईना, आणि थकलेल्या भाड्याच्या बदल्यात धर्मयोद्ध्यांनी 1202 मध्ये व्हेनिसच्या वतीने एड्रियाटिक किनाऱ्यावरील झारा हे ख्रिस्ती शहर काबीज केले. तेच आजचे झादर, सहलीच्या नौकांचे एक मोठे केंद्र. भाडे थकल्यामुळे सबंध शहराने किंमत मोजल्याचे याहून विदारक उदाहरण जलवाहतुकीच्या इतिहासात क्वचितच सापडेल. 1246 मध्ये फ्रान्सच्या नवव्या लुईनेही जिनोआ आणि मार्से यांच्याशी असेच करार केले आणि 1248 मध्ये तो त्या जहाजांनी सायप्रसला गेला.

यात्रा आणि युद्ध यांसाठी चाललेला हा व्यवहार एकोणिसाव्या शतकात ऐपतदार प्रवाशांपर्यंत आला. 1823 साली कवी बायरन जिनोआहून केफालोनिया बेटाकडे निघाला तो हर्क्युलिस नावाचे जहाज भाड्याने घेऊनच. पण बायरनच्या काळी आणि त्यानंतरही शंभर-सव्वाशे वर्षे भाड्याबरोबर खलाशी येत, भाडेकरू हा पाहुणा असे आणि जहाज कोठे न्यायचे यापलीकडे त्याला काही ठरवावे लागत नसे. आजच्या व्यवसायात तीन प्रकार प्रचलित आहेत : पूर्ण खलाशांसह नौका, केवळ एका तांडेलासह नौका, आणि खलाशांवाचून नुसती नौका. या तिसऱ्या प्रकारात भाडेकरू स्वतःच कप्तान होतो, नौका आणि माणसे यांची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि सर्वसामान्य पगारदार कुटुंबाला हा प्रवास परवडू लागला तो या प्रकारामुळे.

त्यासाठी चार-पाच गोष्टी जुळून याव्या लागल्या. फायबर ग्लासमुळे एकाच साच्यातून शेकडो सारख्या नौका काढता येऊ लागल्या, लाकडी नौकेला लागणारी रोजची देखभाल संपली आणि एक नौका चालवता येणाऱ्याला तशीच दुसरी चालवता येऊ लागली. हौशी नाविकांसाठी किनाऱ्यांची मार्गदर्शक पुस्तके निघाली, त्यांत एच. एम. डेनहॅम यांचे एजियन समुद्रावरील 1963 चे पुस्तक महत्त्वाचे होते. उत्तर युरोपातून स्वस्त विमाने येऊ लागली. व्यवसायाची घडी मात्र भूमध्य समुद्राबाहेर बसली. 1969 मध्ये चार्ली आणि जिनी केरी या अमेरिकी दांपत्याने कॅरिबियनमधील टॉर्टोला बेटावर सहा नौकांनिशी द मूरिंग्ज ही कंपनी सुरू केली, आणि या धंद्यात एक वेगळीच वित्तव्यवस्था स्थिरावली. नौका विकत घेणारा कोणी खासगी गुंतवणूकदार असतो, कंपनी ती पाच-सहा वर्षे भाड्याने चालवते, मालकाला ठराविक उत्पन्न आणि वर्षातले काही आठवडे वापर मिळतो, आणि मुदत संपली की नौका वापरलेल्या नौकांच्या बाजारात जाते.

ग्रीसमध्ये 1974 साली लष्करी राजवट कोसळली आणि त्याच दशकाच्या मध्यास ब्रिटिश कंपन्यांनी तेथे ताफ्याच्या सहली सुरू केल्या. दहा-बारा लहान नौका एका म्होरक्या नौकेमागून चालत. म्होरक्या नौकेवर तांडेल, यंत्रदुरुस्ती करणारा आणि प्रवाशांची देखभाल करणारी व्यक्ती असे, रोज सकाळी त्या दिवसाचा मार्ग आणि वारा समजावून सांगितला जाई, आणि नवख्या कुटुंबालाही इथाका, केफालोनिया, लेफ्कादा या आयोनियन बेटांमधून हिंडता येई. आयोनियन समुद्राची निवड विचारपूर्वक होती. तेथे उन्हाळ्यात सकाळी समुद्र बहुधा शांत असतो, दुपारी वायव्येकडून माइस्त्रो नावाचा वारा उठतो आणि सूर्यास्ताबरोबर पडतो, शिवाय एका बेटावरून दुसरे बेट सतत नजरेत राहते. पलीकडे युगोस्लाव्हियाने 1983 मध्ये ओपातिया येथे एसीआय ही संस्था स्थापून एड्रियाटिक किनाऱ्यावर नौकांसाठी सोयीयुक्त बंदरांची साखळी उभारली. 1991 मध्ये सुरू झालेल्या युद्धाने हा धंदा बसला, पण तीच साखळी पुढे स्वतंत्र क्रोएशियाच्या सागरी पर्यटनाचा कणा ठरली. व्हिस हे बेट लष्करी तळ असल्याने 1989 पर्यंत परदेशी प्रवाशांना बंद होते, आज त्याच्या बंदरात उन्हाळ्यात शिडाच्या नौकांची दाटी असते.

या साऱ्या नौका तोवर एकेरी होत्या. जोडनौका भाड्याच्या धंद्यात मोठ्या प्रमाणावर आली ती फ्रान्समुळे. ला रोशेल परिसरात 1976 मध्ये स्थापन झालेल्या फाउंटेन पाजो या कारखान्याने 1983 मध्ये लुइझियान ही सहलीची जोडनौका काढली. 1984 मध्ये जानो या नौका बांधणाऱ्या समूहात लगून हे जोडनौकांचे नाव सुरू झाले आणि 1987 मध्ये त्याची पहिली सहलनौका आली. त्याच सुमारास, जुलै 1986 मध्ये, फ्रान्सने पाँस कायदा या नावाने ओळखला जाणारा कायदा केला, ज्यामुळे मार्टिनिक आणि ग्वादलूप यांसारख्या सागरपार प्रदेशांत गुंतवणूक करणाऱ्या करदात्याला मोठी सवलत मिळू लागली. भाड्याने चालवायच्या नौका या सवलतीत बसत असल्याने फ्रान्समधील डॉक्टर-वकिलांचा पैसा कॅरिबियनमधल्या जोडनौकांत वळला आणि कारखान्यांना हुकमी मागणी मिळाली. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनमध्ये 1991 मध्ये सुरू झालेला रॉबर्टसन अँड केन हा कारखाना तर पुढे मुख्यतः भाड्याच्या ताफ्यांसाठीच नौका बांधू लागला. कॅरिबियनमध्ये पसंतीस उतरलेली ही नौका मग भूमध्य समुद्रात आली आणि एकेरी नौकांच्या रांगेत जागा मागू लागली.

नौकेच्या रचनेत भाडेकरूचा हात किती आहे हे पाहण्यासाठी लगून 42 या नमुन्याकडे पाहावे. तिची लांबी 12.80 मीटर, रुंदी 7.70 मीटर आणि पाण्याखालील खोली 1.25 मीटर आहे. इतक्याच लांबीची एकेरी नौका साधारण चार मीटर रुंद आणि दोन मीटर खोल असते, आणि वाऱ्यात ती 15 ते 25 अंश कलते, जोडनौका मात्र जवळजवळ सपाट राहते. त्यामुळे टेबलावरचा पेला जागेवर राहतो, लहान मुले आणि वृद्ध धास्तावत नाहीत, बैठकीची खोली आणि मागचे उघडे अंगण एकाच पातळीवर येतात. या प्रकारच्या नौका कारखाने बहुधा दोन मांडण्यांत विकतात. मालकासाठीच्या मांडणीत एक संपूर्ण बाजू त्याच्या शयनगृहाला दिलेली असते. भाड्यासाठीच्या मांडणीत दोन्ही बाजू एकमेकींच्या हुबेहूब प्रतिकृती असतात, प्रत्येकीत दोन खोल्या आणि खोलीगणिक स्वतंत्र न्हाणीघर, म्हणजे चार जोडपी समान भाडे देतील आणि कोणाला कमी-जास्त मिळाल्याची तक्रार राहणार नाही. वाऱ्यावर चालण्याच्या दृष्टीने या सोयींचे जादा वजन तोट्याचेच आहे. हलकेपणा हा जोडनौकेचा मूळ गुण, आणि पाण्याच्या टाक्या, शीतकपाटे, वातानुकूलन यांच्या भारामुळे भाड्याच्या नौकेने तो बराचसा गमावला आहे. द बिशोप किंवा व्हॅरम यांना ती आपल्या कुळातली वाटली नसती. तरीही ज्या कुटुंबांनी एरवी कधी शिडाखाली पाऊल ठेवले नसते त्यांना तिने समुद्रावर आणले, आणि हे तिचे श्रेय मोठे आहे.

शनिवारी दुपारी होणारी नौकेची सोपवणूक हा या व्यवसायाचा खरा विधी आहे. भाडेकरू नौका चालवण्याचा परवाना दाखवतो, प्रवाशांची यादी बंदराच्या दप्तरात जाते, अनामत रक्कम अडकवली जाते, आणि मग कंपनीचा माणूस यादी हातात घेऊन नांगराची साखळी, दोन्ही इंजिने, जीवरक्षक जाकिटे, लहान रबरी होडी आणि आधीचे ओरखडेसुद्धा एकेक करून दाखवतो. दोन इंजिने एकमेकांपासून दूर असल्याने एक पुढे आणि दुसरे मागे चालवून नौका जागच्या जागी वळवता येते, भूमध्य बंदरांत पुढे नांगर टाकून पाठ धक्क्याला लावण्याची जी पद्धत आहे तिला हे सोयीचे पडते. सर्वांत महत्त्वाची सूचना शिडाविषयीची असते. एकेरी नौका वारा वाढला की कलून इशारा देते, जोडनौका तो देत नाही आणि उलटली तर स्वतःहून सरळ होत नाही, म्हणून वाऱ्याचा वेग किती झाला की शीड किती लहान करायचे याचा तक्ता सुकाणूजवळ ठेवलेला असतो आणि तो निमूटपणे पाळायचा असतो.

हंगामाचे गणित मात्र फारसे बदललेले नाही. रोमन काळातील लेखक व्हेजेटियस याने 11 नोव्हेंबर ते 10 मार्च हा काळ समुद्र बंद असण्याचा म्हणून सांगितला आहे, आणि भाड्याचा आजचा हंगामही हिवाळ्यात थांबतो. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून वाहणारा मेल्तेमी वारा प्राचीन ग्रीकांना एतेसियन या नावाने माहीत होता. तो निरभ्र आकाशातून दिवसेंदिवस जोरात वाहतो, त्यामुळे सायक्लेड्स बेटांचा बेत आखणाऱ्या भाडेकरूला शनिवारी परतण्याची तारीख आणि वारा यांत नेहमीच ओढाताण सोसावी लागते.

जोडनौकेच्या रुंदीचा भार आता बंदरांवर आणि खाड्यांवर पडतो आहे. लहान बेटांचे धक्के जुन्या मच्छीमार होड्यांच्या मापाचे, तेथे एक जोडनौका जवळजवळ दोन नौकांची जागा अडवते, म्हणून पुष्कळ बंदरे तिच्याकडून दीडपट किंवा त्याहून अधिक आकार घेतात आणि जागा न मिळालेल्या नौका खाडीत नांगर टाकून राहतात. तेथे तळाशी पॉसिडोनिया ही भूमध्य समुद्राची खास वनस्पती असते. हे शेवाळ नव्हे, मुळे, पाने आणि फुले असलेले समुद्री गवत आहे. त्यात माशांची पिल्ले वाढतात, त्याने किनाऱ्याची वाळू धरून ठेवलेली असते, आणि ते वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पसरते. नांगर आणि त्याची फिरणारी साखळी हे गवत मुळासकट उपटते. इबिझा आणि फॉर्मेन्तेरा यांच्यामधील पॉसिडोनियाची कुरणे 1999 मध्ये जागतिक वारशात समाविष्ट झाली, आणि 2018 मध्ये बालेआरिक बेटांच्या शासनाने या गवतावर नांगर टाकण्यास मनाई केली. भारतातून तेथे जाऊन जोडनौका भाड्याने घेणाऱ्यांनी हा एक नियम अवश्य लक्षात ठेवावा : नांगर सोडण्यापूर्वी पुढच्या टोकावर उभे राहून तळ पाहावा, फिकट वाळू दिसेल तेथेच तो टाकावा, आणि काळसर पट्टा दिसल्यास दुसरी जागा शोधावी.